नवऱ्याची सही

“एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर घेताय, विषाणू पार दबलाय. आता बाळ व्हायला हरकत नाही,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

शेवंता पदर तोंडाला लावून हसली. “ऐकलंत का? आता तुमचंच काय ते बघा.”

सोपान हसला नाही. पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन वारली, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून दिवस राहत नव्हते आणि शेवंता आजाराला दोष देत होती.

“आधी काही ऑपरेशन?” मॅडमनी शेवंताला विचारलं.

“सिझर तेवढं.” तिनं पिशवीतून बाळंतपणाचे जुने कागद काढून नवऱ्यापुढं धरले. तिला वाचता येत नव्हतं. “दाखवा की वाचून.”

त्यानं तारीख वाचली, मुलीचं वजन वाचलं. पुढं जीभ उचलेना. त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीबाहेर सिस्टर म्हणाली होती, “असल्या बाईला परत पोर कशाला? नसबंदीवर सही करा, मगच टाके घालतील.” आत बायकोचं पोट उघडं होतं. त्यानं सही केली, आणि नंतर सांगायचा धीर कधी झाला नाही.

मॅडमनी कागद घेतला आणि हळू आवाजात वाचलं, “पतीच्या संमतीनं नसबंदी केली.”

शेवंतानं खालच्या सहीवर बोट ठेवलं. रेशनकार्डावरची ही सही तिला नुसती बघून ओळखू यायची.

“मला कमरेखालीच बधिर केलं होतं हो,” ती म्हणाली. “मी जागी होते. दारातून विचारायचं होतं.”