दहावा मसुदा

वाहतूक शाखेचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी टिपणीसांनी उत्तर दिलं नव्हतं. 'आपल्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या ट्रकबाबत हरकत असल्यास लेखी कळवावे,' एवढंच त्यात होतं. हरकत होतीच. खिडकीला लागून उभ्या दहाचाकी ट्रकमुळे त्यांना भरदुपारी दिवा लावून वाचावं लागे. पण आठ मसुदे झाले. कुठला उद्धट वाटे, कुठला लाचार.

"अहो, तक्रार लिहिताय की ग्रंथ?" पत्नी वत्सलाबाई कडाडल्या, तेव्हा नववा मसुदा पाकिटात घालून ते बाहेर पडले. टपालपेटी खिडकीशेजारच्याच भिंतीवर होती, आणि ट्रक तिला इतका खेटून उभा, की हातही जाईना.

"थांबा काका, गाडी पुढं घेतो," म्हणत ट्रकवाल्या चौगुलेने चहा अर्धा टाकला आणि ट्रक हलवला.

टिपणीस ओशाळले. न राहवून ते पुटपुटले, "तक्रार... तुमच्याच ट्रकची आहे."

"मग टाकाच!" चौगुले हसला. "तीन वर्षं आम्ही ट्रकतळ मागतोय, आमचं कोण वाचतंय? तेवढी एक ओळ घाला की, काका. तुमचं अक्षर चांगलं असणार."

टिपणीसांनी ट्रकच्या पायरीवर बसून पाकीट फोडलं आणि शेवटी लिहिलं, 'ट्रकांना गावाबाहेर हक्काची जागा द्यावी.' दहावा मसुदा करायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला.

चौगुलेने पाकिटाला वायरीची काळी टेप लावली, पेटीचं गंजलेलं झाकण पान्याने उचकटून धरलं, आणि टिपणीसांनी डोळे मिटून उत्तर आत सोडलं.