लाल गट, निळा दिवा

लाल गटानं बटण दाबलं आणि निळा दिवा लागला.

ठिणगीनं धावत जाऊन निळ्या गटाचं बटण दाबलं. लागला लाल, तोही ऐटीत! आता प्रश्नमंजुषेची अंतिम फेरी सुरू होणार, आणि आधी बटण कुणी दाबलं ते सांगणारं यंत्र हे असं. नीट चाललं तर प्रयोगशाळेची किल्ली वर्षभर तिच्याकडे, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. नाहीतर आहेच, 'बाई, आधी माझा हात वर!'

आतला बोर्ड ठिणगीचा. बाहेरची लांब फळी दादाची: दोन टोकांना बटणं, मधोमध दिवे.

दादानं तिचा लॅपटॉप ओढला, डिझाइन पाहिलं आणि त्याची कळी खुलली.

बोर्ड कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आखायचा, यावरून महिनाभर घरात महाभारत चाललं होतं. दोघांची सॉफ्टवेअर फुकट, खुली, कुणीही आत हात घालून सुधारावीत अशी. पण दादाच्यात सर्किटचं चित्र आणि बोर्ड एकमेकांना घट्ट बांधलेले. ठिणगीच्यात सगळं सुटंसुटं. चित्र एका प्रोग्राममध्ये, बोर्ड दुसऱ्यात, आणि कुठल्या भागाची कुठली पिन बोर्डावर कुठे बसणार ते आपलं आपण जुळवायचं. "मला बाई मोकळं लागतं," ती म्हणायची. त्याच मोकळेपणात तिनं बटणांच्या कनेक्टरचा नकाशा उलटा जोडला होता, खालून बघितल्यासारखा. डाव्याचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे!

"माझ्या सॉफ्टवेअरनं ही चूक होऊच दिली नसती, ठिणगे."

"बरं बाबा, कापलं माझं नाक! आता सरक. दोन तारा तर बदलायच्यात. पेचकस दे."

दादा कान खाजवत म्हणाला, "पेचकसाचं काम नाही गं ते. मी चिकटवलंय."

"काय चिकटवलंयस?"

"बटणं. दिवे. तारा. झाकण. म्हटलं कसं, सगळं एकसंध हवं. काही हलायला नको, काही निखळायला नको."

ठिणगीनं झाकणाला नखं लावली. नखं तुटली, झाकण ढिम्म. बाहेर मोठ्या बाईंचा आवाज आला. फळीच्या दोन्ही टोकांना दोन्ही गट खुर्च्यांवर चुळबुळत बसले होते. एक जण तर खुर्चीसकट मागे सरकत होता.

ठिणगी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं टाळीच वाजवली.

"ए लाल गट, उठा! त्या टोकाला बसा. निळ्यांनो, तुम्ही इकडे. अरे, पटापट!"

लाल गटानं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"अगं, यांच्या जागा का बदलल्या?" मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या.

ठिणगीनं दादाकडे बोट दाखवलं. दादानं घसा खाकरला.

"बाई, मुलं तेवढी चिकटवायची राहिली होती."