नीलगाय आडवी आली

"नीलगाय आडवी आली म्हणजे आली! मी काय खोटं सांगतोय?"

संभाजीरावांच्या आवाजाने विमा कंपनीच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसातला माणूस न् माणूस वळून पाहू लागला. खिडकीखाली महाराज बाड्याच्या चौकात हॉर्नचा गोंगाट चालला होता, तोही काही क्षण कुणाला ऐकू आला नाही. टेबलापलीकडच्या अंशुलने त्यांनी फेकलेलं पत्र उचलून सरळ केलं. क्लेम नामंजूर, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

"काका, बैठिए तो. बात ऐसी है की गरिमाताईंच्या गाडीचे जे विमे..."

"बात कसली? मुलीचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि तुम्ही दोन ओळी खरडून पाठवता! हप्ते घेताना बरे गोड बोलता!"

खोटंच सांगत होते संभाजीराव. मुरैन्याच्या रस्त्यावर त्या दिवशी शेळीसुद्धा आडवी आली नव्हती. त्यांची गरिमा सुट्टी काढून नोएड्याजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवायला गेली होती. एका वळणावर गाडी घसरली आणि टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. गाडी ट्रकवर लादून ग्वाल्हेरला आणावी लागली.

तीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. रजेच्या अर्जातसुद्धा कधी खोटं कारण लिहिलं नव्हतं. पण त्यांचा जुना दोस्त सूर्याजी म्हणाला, "ट्रॅकचं नाव काढलंस तर दमडी मिळायची नाही. असल्या थेरांना विमा देतो कोण?" संभाजीरावांना ते लगेच पटलं. पोरीचं हे ट्रॅकचं वेड त्यांना पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होतं. घरात तो विषय काढायची तिला बंदीच होती. "बाबा, मैं बोलती हूँ, तुम्ही फक्त लिहा," असं ती म्हणत होती. "तू पडून राहा. फॉर्म भरता येतात मला," म्हणून त्यांनी तिला गप्प केलं आणि फॉर्मात मुरैन्याच्या वाटेवर, बानमोर गावाच्या अलीकडे, एक नीलगाय उभी केली. बापाने भरलेला फॉर्म गरिमाने वाचलाही नाही. डाव्या हाताने वेडीवाकडी सही करून दिली.

वेड असो की काही असो, गाडी तिच्या घामाची होती. जुनी गाडी घेऊन चार वर्षं रविवार-रविवार खपून तिने ती उभी केली होती. आता ती दारापुढे ताडपत्रीखाली पडून होती. क्लेम आला नाही तर भंगारात जाणार, असं मिस्त्रीने सांगून टाकलं होतं. गरिमा सकाळ-संध्याकाळ ताडपत्रीचा कोपरा उचलून बघायची आणि परत झाकून आत जायची. ते संभाजीरावांना बघवत नव्हतं. पोरीसाठी ते उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि हा कालचा पोरगा ते चालवून घ्यायला तयार नव्हता! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"साक्षीदार आणलाय मी," त्यांनी सूर्याजीला पुढे ढकललं. "विचारा याला."

"मैं ख़ुद पीछे मोटरसायकल पर था," सूर्याजी म्हणाला आणि त्याने हात डोक्याच्याही वर नेला. "इतनी बड़ी नीलगाय!" घरी तालीम करताना ती जेमतेम छातीपर्यंत होती.

"आणि हे शपथपत्र. नोटरीचं. आता बोला!"

अंशुलने शपथपत्र दोनदा वाचलं. मग त्याने मान वर केली. त्याचा आवाज उगाचच हळू झाला होता.

"काका, एकदा नीट आठवून बघा. रस्त्यावरच झालं? पक्का?"

"पक्का म्हणजे? भवानीची शपथ घेऊन सांगतो. रस्त्यावरच झालं!"

"कारण फाइलमध्ये हे लागलं की मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"लावा! लावायलाच आणलंय! तुमच्या साहेबालाही दाखवा. गरिबाच्या तोंडचं सत्य तुम्हाला दिसत नाही, निदान शिक्का तरी दिसू दे. सरळ माणसाला खोटं ठरवायचं आणि दारातून हाकलायचं, हाच धंदा आहे तुमचा. आमच्यावर विश्वास ठेवायला तुमचं काय जातं हो?"

अंशुलने शपथपत्रावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि ते फाइलला लावलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी संभाजीरावांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

"विश्वास?" अंशुल म्हणाला. "काका, तुमच्या नीलगायीवर माझा पहिल्या दिवसापासून पूर्ण विश्वास आहे. उसी की तो दिक़्क़त है. गरिमाताईंच्या गाडीचा रस्त्यावरचा विमा फक्त सक्तीचा आहे. तो समोरच्याचं नुकसान भरतो, आपल्या गाडीचं नाही. मी त्यांना किती समझावलं, पूरा वाला घ्या म्हणून. ऐकल्याच नाहीत. म्हणाल्या, रस्त्यावर मी चाळीसच्या वर जात नाही, बाबांना शब्द दिलाय. मला पूर्ण विमा फक्त ट्रॅकचा द्या."