हळदीतली लाट

प्रफुल्ल आणि त्याचे दोन मित्र द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये शटर ओढून सर्फ रॉक वाजवायचे. समुद्र नसलेल्या नाशकात गिटारवर लाटा उठवायच्या, गाणी नेटवर टाकायची आणि ऐकायची आपणच. घरी सराव केला की आई दोन सुरांतच दार लावून घ्यायची.

त्याच्या हळदीला बागलाणातल्या सटाण्याची बँजो पार्टी आली आणि तिने पहिलीच धून वाजवली ती प्रफुल्लची. अख्खी गल्ली नाचायला लागली. हळदीने माखलेला तो तसाच पार्टीच्या मास्तरकडे धावला.

"ही धून माझी आहे."

"नवरदेव, हाई धून आख्खा बागलाणनी शे," मास्तर हसला.

 

नाचून घामाघूम झालेली आई कानाशी येऊन म्हणाली, "बघ, असं काहीतरी वाजवायचं होतं तुम्ही."