गुरुवारची बाटली

गार बाटली.

ओढ्यावरचं बदक. पाठ पांढरी, पोट जांभळं.

हातमोजे सक्तीचे होऊन दोन महिने झाले. आज स्टोअरमध्ये संपलेत, सोमवारी येतील.

पाच गुरुवार. पाचही वेळा पाण्याच्या पीएचचा आकडा सात. ना कमी, ना जास्त.

बहिणीचा निरोप: विहिरीच्या पाण्याला कसला तरी वास येतोय, तुमच्याकडे तपासून देतेस का?

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती उभी होती. हातात नमुन्याची बाटली, तिच्यावर मामांच्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं: शेवटची टाकी, गुरुवार.

शेवटच्या टाकीतलं पाणी कोमट असतं. उकळत्या कढयांतून निघालेलं ते पाणी चार टाक्या फिरतं, स्वच्छ होतं, तरी त्याची ऊब काही जात नाही. आणि ही बाटली अशी गार, की काचेला घाम फुटलेला. एवढं गार पाणी साऱ्या कारखान्यात एकाच ठिकाणी मिळतं. कँटीनच्या कूलरमध्ये.

म्हणजे टाकीत पाणी आलंच नव्हतं. गुरुवारी कढया धुतात. ते सगळं पाणी मागच्या पाइपातून थेट ओढ्यात चाललं होतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला बहिणीची विहीर. कागदावर मात्र सात, आणि साताखाली तिची स्वतःची सही.

ती तरातरा टाक्यांकडे निघाली.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचेच होते. टाक्यांवर तीस वर्षं काढलेला माणूस, दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचा. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी दुसरं कुणी बसवू नये म्हणून ते साहेबांशी कचाकचा भांडले होते. ती परत आली तर टेबलावर धुळीचा कण नव्हता. मामा रोज पुसून जात होते.

आता ते व्हॉल्व्हला तेल देत बसले होते.

"या, चष्मीशबाई," ते म्हणाले. मग तिच्या हातांकडे बघून, "आज हातमोजे नाहीत वाटतं?"

"हातमोजे गेले खड्ड्यात. हे काय आहे, मामा?"

"बाटली."

"कूलरचं पाणी आहे! तीस वर्षं इथं काढलीत, आणि लबाडी करायची तर इतकी कच्ची? निदान कोमट तरी करायचं!"

"वय झालं, पोरी."

"हसू नका. माझी सही आहे त्याच्यावर. माझ्या बहिणीची विहीर आहे खाली."

मामांचं हसू मावळलं. त्यांनी चिंधीला हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"विहिरीचं नव्हतं माहीत," ते हळूच म्हणाले.

"कुणी करायला लावलं? साहेबांनी?"

"ते विचारू नकोस. तोंड उघडणार नाही असा शब्द देऊन बसलोय. जावई इथंच कामाला आहे माझा, तुला ठाऊक आहे."

"मी वर कळवणार, मामा. तपासणीवाल्यांना. आजच."

"बरं."

"बरं काय? नमुना तुम्ही भरलात. पहिलं नाव तुमचं येईल. निरोप समारंभ राहील बाजूला, गेटाबाहेर काढतील तुम्हाला!"

"समारंभात तू भाषण करणार होतीस ना? ते तरी टळलं."

तिला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. चष्मा काढून तिने ओढणीने डोळे पुसले. "तुम्ही असे कसे हो," एवढंच म्हणाली. मामांनी चष्मा तिच्या हातातून घेतला, त्यावर फुंकर घातली, चिंधीची कोरी बाजू शोधून काचा पुसल्या. तेलाचा एक डाग पडलाच.

"आडनाव नीट लिही," ते म्हणाले. "सगळे चुकतात."

टाक्यांशेजारच्या खोलीत फोन होता. तिने नंबर फिरवला. पलीकडून विचारलं ते सगळं सांगितलं: पाच गुरुवार, मागचा पाइप, कूलर. मामांचं नाव सांगितलं, आडनाव तर तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तेवढा वेळ मामा दाराला पाठ लावून बाहेर उभे होते, कुणी आत येऊ नये म्हणून. तिने फोन ठेवला तसे ते मागच्या पाइपाकडे गेले, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदाच कुणाला न विचारता त्यांनी त्याचं चाक गच्च आवळलं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मामांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती: नमुन्याची बाटली यंत्राला लावायच्या आधी उघड्या हातात धरून ऊब बघायची.