एका चिन्हाचे दोन मालक

"मास्तर, माझी ओळ वर कोणी ढकलली?" ऑफिसातल्या नव्या मुलीनं विचारलं. तिला सगळे नुसतं 'नवी' म्हणत.

"उंदरांनी," मास्तर स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले.

उंदीर कसले, स्वतः मास्तरच! पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची लायब्ररी, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायच्या कोडचा संच, लिहिली, तेव्हा वेबपानावरचं बटण शोधून देणाऱ्या फंक्शनला नाव ठेवलं नुसतं डॉलरचं चिन्ह. लांबलचक नाव टाइप करायचा कंटाळा, दुसरं काय! तीन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या नवीनं जी लायब्ररी आणली, तिच्यातही नेमकं तेच चिन्ह. ब्राउझरचा न्याय सरळ. जी लायब्ररी पानावर शेवटी येईल, चिन्ह तिचं. दुसरीची बटणं मेली. म्हणून दोघं रोज गुपचूप आपापली लायब्ररी पानाला जोडणारी ओळ खाली सरकवायचे. मास्तर जिंकले की दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या साइटवर वेळ घेता यायची, रद्द करता यायची नाही. नवी जिंकली की रद्द करता यायची, घेता यायची नाही.

"उद्या बाई स्वतः बघायला येतायत," साहेबांनी दम भरला. "एकच लायब्ररी ठेवा. ज्याची जाईल, तो घरी."

मास्तर हट्टाला पेटले होते. पण दुपारी जिन्यात नवीचा फोन कानावर पडला. "आई, इकडे यायला सामान बांधायची घाई करू नकोस गं. माझं अजून काही खरं नाही."

 मास्तर जागेवर येऊन बसले आणि आपली सगळी बटणं नवीच्या लायब्ररीवर बेतून घेतली. मग स्वतःची लायब्ररी पुसून टाकली. डोळे भरून आले, पण पुसली. समोर नवी खाली मान घालून खटाखट टाइप करत होती. ओळच सरकवत असणार, दुसरं काय!

सकाळी डॉक्टरीणबाईंनी 'वेळ घ्या' दाबलं. ढिम्म. 'रद्द करा' दाबलं. तेही ढिम्म.

मास्तरांनी धावत जाऊन पान उघडलं. त्यांची लायब्ररी नव्हतीच. पण नवीचीही नव्हती! तिची बटणं आता मास्तरांच्या लायब्ररीची वाट बघत होती.

"तुमचं पंधरा वर्षांचं लेकरू ते," नवी पुटपुटली. "माझ्याच्यानं नाही मारवलं."

"गाढव आहेस," मास्तर म्हणाले, पण आवाज पार चिरकला.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, भांडत होतात तेव्हा निम्मी तरी साइट चालायची! बसा दोघंही जागेवर, आणि आत्ताच्या आत्ता भांडायला लागा!"