नॉर्मल रेंज

केळी बंद, टोमॅटो बंद, अक्रोड बंद, चॉकलेटचं तर नावच नको. रक्तातलं सेरोटोनिन, म्हणजे मन आनंदी ठेवणारं रसायन, मोजायचं तर आधी हे सगळं सोडावं लागतं म्हणे. आमच्या भावोजींनी तेही निमूटपणे पाळलं, कारण सेरोटोनिन कमी आलं तर त्यांचे साहेब महिनाभर रजा देणार होते. पहिल्या वेळी नमुन्याभोवतीचा बर्फच वितळला आणि रक्त वाया गेलं, म्हणून बिचाऱ्यांनी पुन्हा टोचून घेतलं.

रिपोर्ट आला, नॉर्मल.

"नॉर्मल?" भावोजी लॅबच्या काउंटरवर चढायचेच बाकी होते. "अहो बाई, मला झोप नाही, जेवण जात नाही. काल ऑफिसात झेरॉक्स मशीनवर डोकं ठेवून रडलो मी!"

"ओरडू नका हो," काउंटरवरची बाई कपाळ चोळत म्हणाली. "तुमचा आकडा आमच्या नॉर्मल रेंजच्या अगदी मधोमध आहे."

"पण ही रेंज ठरवली कुणी?"

"आम्हीच. नवीन मशीन आलं की धडधाकट माणसांचं रक्त तपासून नॉर्मल काय ते ठरवायचं असतं. बाहेरचं कोण उगाच सुई टोचून घेणार? मग आमच्याच स्टाफचं घेतलं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी हमसून हमसून रडायला लागलं. भावोजी दचकले.

 

"ते आमचे सीनियर," बाई मान वर न करता म्हणाली, "रेंजसाठी सगळ्यात आधी त्यांचंच रक्त घेतलं होतं."